पडवीतला दिवा

(मुरबाड इथं जानेवारीत झालेल्या वाचकांच्या बैठकीतलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय सांगितला, ‘युरोपीय साहित्यातला प्रकाश आणि आसरा’. मी म्हटलं, साहेब, मी सॉफ्टवेअरवाला माणूस. इंजिनिअरिंग केलं, त्यामुळे बारावीनंतर साहित्याचा एक पेपरही दिलेला नाही. ते म्हणाले, “आसनगाव लोकलमध्ये चार वर्षं बसून काय वाचत होतात, ते सांगा.” म्हणून आलो. मी सांगणार ते प्राध्यापकी नाही. डब्यात उभ्यानं, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात कडी धरून जे वाचलं, ते आहे. आणि शेवटी माझ्या घरातली एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात मी चांगला दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला प्रश्न कोणीतरी विचारणारच: मुरबाडमध्ये बसून युरोपचं कशाला? आपल्यातल्या अनेकांना सूरह नूरमधली ती प्रसिद्ध आयत माहीत आहे. तिच्यात कोनाड्यातल्या दिव्याची उपमा येते. दिवा काचेत आहे, काच ताऱ्यासारखी चमकतेय, आणि तेल ज्या झाडाचं आहे ते झाड पूर्वेचंही नाही आणि पश्चिमेचंही नाही. मला त्या आयतीतल्या दोन गोष्टी लक्षात राहिल्या. एक म्हणजे उजेडाला दिशा विचारायची नाही. दुसरी म्हणजे हा दिवा उघड्या माळावर नाही, कोनाड्यात आहे. आणि लगेच पुढच्या आयतीत घरांचा उल्लेख येतो. म्हणजे उजेड आणि घर ही जोडी आपल्यालाही नवी नाही.

आता युरोपातला सगळ्यांत प्रसिद्ध दिवा घेऊ. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ कादंबरी १८६२ साली आली. साने गुरुजींनी तिचं मराठी रूपांतर केलं, ‘दुःखी’ या नावानं. ज्या गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिलं, तेच हे गुरुजी. गोष्ट तुम्हाला ढोबळमानाने माहीत असेल. जाँ वाल्जाँ पाव चोरतो, त्यात पळून जायच्या प्रयत्नांची भर पडून एकोणीस वर्षं तुरुंगात जातात. सुटतो तेव्हा हातात पिवळा कागद असतो. जिथं जाईल तिथं तो दाखवायचा, म्हणजे समोरच्याला कळावं की हा कैदी होता. दीन्य नावाच्या गावात तो येतो. खिशात पैसे आहेत, तरी खाणावळवाले त्याला बाहेर काढतात. कुत्र्याच्या खोपटात शिरतो, कुत्रं हाकलतं. शेवटी दगडी बाकावर आडवा होतो. तिथं एक बाई त्याला एक दार दाखवते आणि विचारते, हे ठोठावलंस का?

ते दार बिशपचं असतं. त्याला कुलूप नसतं, नुसती कडी असते. बिशप त्याला जेवायला बसवतात आणि म्हणतात की या दिव्याचा उजेड कमी पडतोय. घरातल्या मोलकरीणबाईंना इशारा कळतो. त्या आतून चांदीचे दोन मेणबत्तीदान आणून पेटवतात. ते फक्त पाहुणा आला की बाहेर निघत. बिशप त्याचं नाव विचारत नाहीत. नाव विचारायची गरज नाही, हे दार त्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तो रात्री चांदीची ताटंचमचे घेऊन पळतो, शिपाई पकडून आणतात, आणि बिशप म्हणतात की मेणबत्तीदानही मी दिलेच होते, ते का नाही नेलेस.

हा भाग बहुतेकांना आठवतो. मला मात्र त्याच कादंबरीतला दुसरा दिवा जास्त आठवतो. वाल्जाँ छोट्या कोझेतला घेऊन पॅरिसच्या गल्ल्यांतून पळतोय, मागं पोलिस अधिकारी जाव्हेर आणि त्याची गस्त. गल्ली पुढं बंद. समोर उंच भिंत. तो स्वतः भिंत चढू शकतो, पण पोरीला वर कसं घेणार? दोर हवा. त्या काळी रस्त्यावरचे कंदील दोराला बांधून वरखाली करत. त्या रात्री चांदणं होतं म्हणून नगरपालिकेनं कंदील लावलेच नव्हते. तो कंदिलाचा दोर कापतो, पोरीला बांधतो आणि वर खेचतो. भिंतीपलीकडे जोगिणींचा मठ असतो. तिथं त्यांना पुढची अनेक वर्षं आसरा मिळतो.

आता हे दोन दिवे शेजारी ठेवा. पहिल्या प्रसंगात दिवा लावला म्हणून आसरा मिळाला. दुसऱ्या प्रसंगात दिवा लागलेला नव्हता, त्याचा दोर कापता आला, म्हणून आसरा मिळाला. माझ्यासारख्या तांत्रिक माणसाला यातून एक सरळ प्रश्न दिसतो: दिवा कोणाच्या हातात आहे आणि त्याचं तोंड कोणाकडे आहे? यजमानाच्या हातात असेल तर तो वाट दाखवतो. गस्तीच्या हातात असेल तर तो चेहरा शोधतो. उजेड तोच. ह्यूगोला हे कळत होतं, कारण तो स्वतः पळालेला माणूस होता. १८५१ साली लुई नेपोलियननं सत्ता बळकावली तेव्हा ह्यूगो फ्रान्समधून निसटला. ब्रसेल्स, मग जर्सी, आणि १८५५ पासून गर्न्झी नावाचं छोटं बेट. ‘ले मिझराब्ल’ त्यानं पूर्ण केली ती आसऱ्याला राहिलेला माणूस म्हणून. १८७० पर्यंत तो मायदेशी परतला नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपण जिथं बसलोय तिथून सिद्धगड लांब नाही. परवाच २ जानेवारी झाली. तुमच्यातले काही जण गडावर जाऊन आले असतील. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल, जन्म माथेरानचा, १९१२. नाभिक समाजातला मुलगा, वकील झाला. सावकाराच्या विळख्यातून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठी काढली, गावागावांत शाळा चालवल्या. १९४२ मध्ये भूमिगत झाले आणि आझाद दस्ता उभा केला.

दस्त्यानं काय केलं? विजेचे मनोरे पाडले. टाटांची वीज खोपोलीला १९१५ मध्ये सुरू झाली, भिवपुरीला १९२२ मध्ये आणि भिऱ्याला १९२७ मध्ये. सह्याद्रीचं पाणी, सह्याद्रीची वीज, आणि तारा सरळ मुंबईला. गिरण्या त्यावर चालायच्या, लोकल त्यावर चालायच्या. तारा ज्या वाड्यांवरून जात, त्या वाड्यांत चिमणी जळत होती, तीही रॉकेल मिळालं तर. १९४२ च्या पावसाळ्याअखेरीपासून दस्त्यानं मनोरे कापायला सुरुवात केली. दिवे गेले ते मुंबईचे. डोंगरातल्यांचे कुठले जायचे, ते नव्हतेच.

मग आसरा. तो सिद्धगडाच्या जंगलानं दिला, आणि जंगलातल्या माणसांनी दिला. शेतकरी, ठाकर, कोळी. भाकरी पोचवणारे, निरोप पोचवणारे. त्यांची नावं आपल्याला फारशी माहीत नाहीत. आसरा देणाऱ्यांचं हे असंच असतं, त्यांची नावं नसतात म्हणूनच आसरा टिकतो. पण खबर फुटली. २ जानेवारी १९४३ ला पहाटे, अंधार आहे तोवर, हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या पोलिसांनी वेढा घातला. उजाडताना गोळीबार झाला. हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल दोघंही गेले. भाई तेव्हा तीस वर्षांचे होते. माझ्याहून लहान.

मी हे वाचलं तेव्हा मला जाणवलं की आमच्या शाळेत ‘प्रकाश म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे अज्ञान’ असा निबंध असायचा. सिद्धगडावर तसं नव्हतं. तिथं रात्र यजमान होती आणि सकाळ पोलिसांबरोबर आली.

त्याच हिवाळ्यात, १९४२-४३ मध्ये, ॲम्स्टरडॅममध्ये तेरा वर्षांची एक मुलगी कचेरीच्या मागच्या भागात लपून राहिली होती. ॲन फ्रँक. ६ जुलै १९४२ ला तिचं कुटुंब तिथं गेलं, ४ ऑगस्ट १९४४ ला पकडलं गेलं. तिची डायरी मराठीतही आहे. ती वाचताना नुसते पडदे मोजा. कधी पडदा लावायचा, कधी फटीतून बाहेर बघायचं, कुठल्या वेळी दिवा लावायचा नाही, दिवसा पाण्याचा नळ सोडायचा नाही. वरच्या माळ्याच्या खिडकीतून दिसणारं झाड आणि आभाळाचा तुकडा, एवढाच तिच्या वाट्याचा उजेड. तिचा आसराही अंधारावर उभा होता, आणि बाहेरून भाजी, पुस्तकं, बातम्या आणणाऱ्या चार-पाच कर्मचाऱ्यांवर.

त्याच युद्धात अल्बानियातलं चित्र वेगळं होतं. तो बहुसंख्य मुस्लिम देश. तिथं ‘बेसा’ नावाचा रिवाज आहे. एकदा माणूस उंबऱ्याच्या आत आला की त्याच्या जिवाची जबाबदारी घराची. तिथल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांनी ज्यूंना आपल्यातले कपडे आणि आपल्यातली नावं देऊन घरात ठेवलं. युद्ध संपलं तेव्हा त्या देशात ज्यूंची संख्या युद्धाआधीपेक्षा जास्त होती. युरोपात असं क्वचितच घडलं. आपल्या परंपरेत याला आधार शोधायला लांब जावं लागत नाही. मक्केत छळ वाढला तेव्हा पहिली हिजरत झाली ती हबशा देशाला, इसवी सन ६१५ च्या सुमारास, आणि आसरा दिला तो ख्रिस्ती राजा नजाशीनं. मुसलमान समाज इतिहासात पहिल्यांदा भेटतो तो यजमान म्हणून नाही, आसरा मागणारा म्हणून. आणि सूरह तौबामध्ये सांगितलंय की मूर्तिपूजकानं जरी आसरा मागितला तरी तो द्या, आणि नंतर त्याला सुरक्षित ठिकाणी पोचवा. नुसता द्या असं नाही. पोचवा.

आता शहापूरकडे. आसनगावला गाडीतून उतरलं की समोर माहुली दिसतो. ट्रेकवाले रविवारी येतात, सुळक्यांचे फोटो काढतात. त्या गडावर एका मुलाचा आसरा संपला. ती गोष्ट गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हालाही शाळेत कोणी नीट सांगितली नव्हती. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेला, निजामशाही संपल्यात जमा होती. शहाजीराजांनी त्या घराण्यातलं एक लहान मूल, मुर्तझा, शोधून त्याला गादीवर बसवलं. पेमगिरीवर त्याला मांडीवर घेऊन ते सिंहासनावर बसले, असं सांगतात. तीन वर्षं त्याच्या नावानं कारभार चालवला. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशहा एक झाले, आणि शहाजीराजे माहुलीवर अडकले. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजेही तेव्हा गडावर होते, असं म्हणतात. पोर्तुगीजांकडे आसरा मागितला, त्यांनी दिला नाही. शेवटी गड दिला आणि मुलगाही द्यावा लागला. त्याला ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवलं.

यात राजकारण होतं, हे मला कळतं. मुलाच्या नावावर राज्य चालवायचं होतं. पण दोन पोरं डोळ्यांपुढे आणा. एकाच गडावर, एकाच वेढ्यात. एक मराठा सरदाराचा मुलगा, दुसरा मुसलमान राजघराण्यातला. दोघांनाही वरून खालच्या छावणीतल्या मशाली दिसत असतील. आज आपल्या तालुक्यात इतिहासाच्या नावानं पोस्टर लागतात तेव्हा त्यांत या दोघांपैकी एकच असतो.

ह्यूगोच्या दुसऱ्या एका कादंबरीतही आसरा असाच संपतो. ‘नोत्र-दाम द पारी’, १८३१. एस्मेराल्दाला फाशी व्हायच्या आधी क्वासिमोदो तिला चर्चसमोरून उचलतो आणि चर्चमध्ये आणतो. चर्चमध्ये शिरलेल्याला पकडायचं नाही असा कायदा असतो. पण कायदा एका आदेशानं मागं घेता येतो, आणि तो घेतला जातो. म्हणजे पवित्र जागा आपोआप आसरा देत नाही, मग ती मशीद असो, देऊळ असो की चर्च. आत असलेल्या माणसांनी ठरवलं तरच.

‘ठरवलं तर’ या शब्दांसाठी मला सगळ्यांत जुनं पुस्तक घ्यायचंय. ग्रीक नाटककार एस्किलस, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या नाटकात दानाऊसच्या पन्नास मुली समुद्र ओलांडून इजिप्तहून अर्गोस शहरात येतात. परक्या वेशाच्या, सावळ्या रंगाच्या. का आल्या? जबरदस्तीचं लग्न नको म्हणून. चुलतभाऊ मागं जहाजं घेऊन येताहेत. मुली देवांच्या मूर्तींना धरून बसतात आणि राजाला म्हणतात, आम्हाला ठेवून घे. राजा काय म्हणतो? तो म्हणतो की हे माझ्या एकट्याच्या चुलीचं प्रकरण नाही. तुम्हाला ठेवलं तर युद्ध होईल, आणि ते सगळ्या शहराला लढावं लागेल. तेव्हा शहराला विचारतो. सभा भरते. लोक उजवे हात वर करतात. ठराव होतो की या मुली इथं राहतील, आणि यांना न्यायला कोणी आलं तर जो मदतीला धावणार नाही त्याला शिक्षा होईल.

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भागही. पेसा कायद्यानं ग्रामसभेला जे अधिकार दिलेत त्याबद्दल इथले कार्यकर्ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात. मला त्या नाटकातली सभा वाचताना आपली ग्रामसभा दिसली. आणि त्या पन्नास मुली तर आजही येतातच. मनाविरुद्धच्या लग्नातून, दुसऱ्या जातीच्या किंवा धर्माच्या जोडीदाराचा हात धरून. सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ ला शक्तीवाहिनी खटल्यात राज्यांना सांगितलं की अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे काढा. निवारा कागदावर निघतो. पण रात्री अकरा वाजता मुरबाडच्या स्टँडवर एखादी मुलगी उतरली, तर पहिला दरवाजा आपल्यापैकीच कोणाचा तरी असणार आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट.

आमचं घर शहापुरात, जुन्या आग्रा रोडला लागून. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मी ठाण्याची भाड्याची खोली सोडून घरी आलो आणि तिथूनच काम करू लागलो. ती खोली मिळवतानाही तीन ठिकाणी नाव ऐकल्यावर ‘घर दिलं गेलंय’ असं उत्तर मिळालं होतं. एक सोसायटी होती, तिथं तर मी जिन्यात उभा असतानाच दार लागलं. वाल्जाँचा पिवळा कागद म्हणजे काय, हे मला टिपा न वाचता कळलं होतं. हे लक्षात ठेवा.

रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. त्याच दिवसांत मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसांची रांग चालली होती. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशाकडे. दिवसा ऊन, म्हणून ते रात्री चालत. महामार्गावर अडवतील या भीतीनं काही जण गावातून जात. सगळं गाव झोपलेलं, आणि पहाटे सहरीसाठी दिवा फक्त आमच्यासारख्यांच्या घरी. मेच्या पहिल्या दिवसांत एका पहाटे फाटक वाजलं. नवरा-बायको, बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर. तो म्हणाला, “बत्ती दिखी तो आ गए.” अब्बांनी पाणी दिलं, अम्मीनं होत्या त्या पोळ्या दिल्या. ते पडवीत अर्धा तास टेकले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी फोन आला, ओळखीच्याच माणसाचा. “तुमच्याकडे रात्री बाहेरची माणसं येतात म्हणे.” एवढंच. ते दिवस आठवा. मार्चअखेरीस दिल्लीच्या मरकजची बातमी आली होती, आणि त्यानंतर भाजीवाल्याचंसुद्धा नाव विचारलं जात होतं. परदेशी तबलिगींवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठानं रद्द केले ते २१ ऑगस्टला, आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं मतही नोंदवलं. पण मेमध्ये आमच्याकडे फक्त तो फोन होता. अब्बा काही बोलले नाहीत. ठरवलं मी. पडवीतला बल्ब बंद केला. स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलं. सहरी मागच्या खोलीत करायची असं घरात सांगून टाकलं. दादीला कोणी विचारलं नाही.

५ मे, ६ मे, ७ मे. तीन रात्री.

७ मेला बुद्ध पौर्णिमा होती. रस्ता दुधासारखा. मी काम संपवून खिडकीशी उभा होतो, दिवा बंद. सात-आठ जण आले. एक बाई आमच्या फाटकाशी थांबली. घराकडे बघितलं. चांदण्यात मला ती स्पष्ट दिसत होती, तिला मी दिसत नव्हतो. घर झोपलंय असं तिला वाटलं असावं. हाक न मारता ती पुढं गेली. मी हललो नाही. ह्यूगोच्या कादंबरीत चांदण्या रात्री न लावलेल्या कंदिलानं दोन जीव वाचवले. मी माझा दिवा तिच्यापासून लपायला बंद केला होता.

त्याच पहाटे मागच्या खोलीत सहरीला बसलो. दादी म्हणाली, “पडवीतला दिवा गेला का रे?”

“गेला नाही दादी. बंद केलाय.”

“का?”

मी कारण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मग सहरीला तरी कशाला उठतोस? झोप की.”

बाकी काही नाही. ती पाणी प्यायली आणि नियत करून बसली.

सकाळी बातमी आली. औरंगाबादजवळ करमाडला रेल्वे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते. ते आमच्या रस्त्यावरून गेलेले नव्हते, हे मला माहीत आहे. माझ्या बल्बचा आणि त्यांचा संबंध नाही, हेही मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. पण माणूस रुळावर कधी झोपतो? वाटेतल्या सगळ्या पडव्या अंधारात असतात तेव्हा.

त्या रात्री बल्ब लावला. खिडकीचा कागद काढला. पाण्याचं पिंप फाटकाबाहेर ठेवलं. तिसऱ्या दिवशी पिंपाशेजारी तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा दिसला. शेजारच्या काकूंनी ठेवला होता, कोणाला काही न बोलता. ज्यांनी फोन केला होता ते पुढं पाच-सहा महिने बोलले नाहीत. आता बोलतात. ईदपर्यंत किती माणसं टेकून गेली ते मोजलं नाही. पण मला त्यांतलं कोणी आठवत नाही. फाटकाशी थांबून पुढं गेलेली बाई आठवते.

हे मी माफी मागायला सांगत नाही. ज्याची मागायची ती माणसं इथं नाहीत. मी सांगतोय ते यासाठी की घर नाकारलेला मीच होतो, आणि दिवा बंद करणाराही मीच. सोसलेला माणूस आपोआप चांगला यजमान होतो असं मी समजत होतो. तसं होत नाही. भीती त्यालाही तेवढीच असते, कधी जास्त. मी एकट्यानं, एका फोननंतर, रात्री ठरवलं आणि चुकीचं ठरवलं. अर्गोसच्या राजानं मात्र सगळ्यांना विचारलं होतं. सगळ्यांनी हात वर केले की एकाला येणाऱ्या फोनची भीती वाटत नाही.

म्हणून चळवळीकडे माझं मागणं साधं आहे. दार वाजल्यावर चर्चा करायची नाही, आधी करायची. आपापल्या मोहल्ल्यात, वाडीत, सोसायटीत बसून चार गोष्टी ठरवून ठेवू. पूर आला, घाटात दरड पडली, दंगल झाली, कोणी मुलगी घर सोडून आली, तर कोणतं घर, कोणाची खोली, मशिदीच्या आणि समाजमंदिराच्या किल्ल्या कोणाकडे, पहिला फोन कोणत्या वकिलाला. आणि त्या यादीत एका तरी वेगळ्या धर्माच्या शेजाऱ्याचं नाव असू दे. काकूंच्या डब्यानं आमच्या पिंपाला जे संरक्षण दिलं, ते दुसऱ्या कशानं मिळालं नसतं.

दादी आता रात्री लवकर झोपते. पडवीतला बल्ब रात्रभर चालू असतो. नऊ वॅटचा एलईडी. रोज दहा तास धरले तर वर्षाला तेहेतीस युनिट होतात. मी हिशेब केलाय, परवडतो.